टॉप मॉडेलचे पैसे कुठे जातात

कवठे महांकाळ तालुक्यात नवी गाडी दारात येण्याचा एक हंगाम असतो. बेदाणा शेडवरून उतरला, तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यात विकला गेला, सोसायटीचं कर्ज फिटलं आणि वर चार पैसे उरले, की घरात गाडीचा विषय निघतो. कंपनी कोणती यावर फारसा वाद होत नाही. ज्या गाडीचा मिस्त्री गावात आहे ती गाडी, एवढं बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. घोळ सुरू होतो तो शोरूममध्ये. विक्रेता एक लांबलचक तक्ता पुढे सरकवतो आणि एकाच गाडीचे पाच-सहा प्रकार निघतात. पोरगं म्हणतं टॉपच घेऊ. बाप म्हणतो खालची बास झाली. सोबत एखादा पाव्हणा आलेला असतोच. तो म्हणतो, "घ्यायची तर टॉपच घ्या की अण्णा. लोक इचारतील, बेस घेतलीय व्हय?" या एका वाक्याने कंपन्यांना जेवढा नफा मिळवून दिला असेल, तेवढा जाहिरातींनीही दिला नसेल.

या प्रकरणात एका ठरावीक गिऱ्हाइकाचा विचार करू. त्याला गाडी रोज लागते. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, मग बागेत औषधाचे डबे न्यायचे, मधूनच आईला मिरजेच्या दवाखान्यात दाखवून आणायचं. आणि थंडीच्या दिवसांत तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन टाकून बायकोमुलांसह कुठेतरी डोंगरावर नाहीतर कोकणात एक-दोन रात्री मुक्काम करायचा. परदेशात याला ओव्हरलँडिंग म्हणतात. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात त्यावर पिकअप गाड्यांचा मोठा बाजार चालतो. मिरज-पंढरपूर रस्त्यावर राहणाऱ्याला मात्र हा प्रकार नवा वाटू नये. वारीच्या दिवसांत या रस्त्याने दिंड्या जातात आणि दिंडीमागे टेंपो नाहीतर पिकअप असतो. त्याच्या हौद्यात ताडपत्र्या, बांबू, पातेली, गॅस, पाण्याची टाकी आणि सगळ्यांचा शिधा. ती गाडी रोज नव्या गावी मुक्काम मांडते आणि पहाटे मोडते. तिच्याकडे नीट पाहिलं तर कळतं, की मुक्कामाच्या गाडीला मोकळा हौदा, दणकट पाटे, चांगले टायर आणि घट्ट बसणारा फाळका लागतो. शोरूमच्या तक्त्यातल्या शेवटच्या, सगळ्यात महागड्या रकान्यात यातलं काहीच जास्तीचं मिळत नाही.

मॉडेल निवडण्याआधी एक फाटा फुटतो, तो पाटीच्या रंगाचा. महिंद्राची बोलेरो कॅम्पर घ्या. दोन ओळींची केबिन, मागे हौदा, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, टनभर माल ओढण्याची ताकद. नाव कॅम्पर असलं तरी तंबू घेऊन हिंडणाऱ्यांसाठी ती काढलेली नाही. ठेकेदार, वीज कंपन्यांची कामं आणि शेतकरी हे तिचं खरं गिऱ्हाईक. आपल्याकडे ती बहुतेक पिवळ्या पाटीवर, म्हणजे मालवाहू म्हणून दिसते. पिवळ्या पाटीला पासिंगचं चक्र लागतं: नव्या गाडीला पहिली 2 वर्षं, मग गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. परवान्याची भीती मात्र आता धरू नये. हलक्या मोटारीचा परवाना असलेला माणूस साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं आहे. ज्याचा माल रोजचा आहे आणि मुक्काम वर्षातून एखादाच, त्याने पिवळ्या पाटीला नाक मुरडू नये.

पांढऱ्या पाटीवरची पिकअप हा प्रकार आपल्याकडे बऱ्याचदा येऊन गेला, पण रुजला नाही. टेल्कोने 1988 साली टाटामोबाइल आणली, पुढे महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आली, टाटाची झेनॉन आली. आजच्या बाजारात ठळक नावं दोन. इसुझुची डी-मॅक्स व्ही-क्रॉस 2016 मध्ये आली, टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये. तिसरा रस्ता हौद्याशिवायचा: थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन यांच्यासारखी गाडी घ्यायची आणि मागची सीट पाडून सामान भरायचं. गाडी कोणतीही घ्या, तक्त्याचा खेळ सगळीकडे सारखाच आहे.

तो खेळ व्ही-क्रॉसवरून चांगला समजतो. मे 2021 मध्ये ही गाडी नव्या 1.9 लिटर इंजिनासह आली तेव्हा सगळ्यात खाली हाय-लँडर होती, चेन्नईतली शोरूम किंमत 16.98 लाख. तिच्यावर झेड, त्यावर झेड प्रेस्टिज. झेडचं दोन चाकांवर चालणारं ऑटोमॅटिक 19.98 लाखांना, चारही चाकांवर चालणारं मॅन्युअल 20.98 लाखांना आणि प्रेस्टिजचं फोर-बाय-फोर ऑटोमॅटिक 24.49 लाखांना. भाव आता बदलले आहेत, त्यातली अंतरं बघा. इंजिन सगळ्यांत एकच, 163 पीएस ताकदीचं, 360 न्यूटन मीटर जोराचं. खालून वर साडेसात लाखांचा फरक, आणि इंजिनातून त्यातला एक रुपयाही जास्तीचा मिळत नाही. मग पैसे गेले कुठे? थोडे चारचाकी ओढीत, थोडे गिअरबॉक्समध्ये, थोडे सुरक्षिततेत आणि बरेचसे चामडी सीट, पडदा, चकचकीत पट्ट्या असल्या शोभेत.

उलट काही गाड्यांत इंजिनच बदलतं आणि तक्ता ते बारीक अक्षरात सांगतो. जून 2022 मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ-एनच्या खालच्या मॉडेलमधलं डिझेल इंजिन 132 पीएसचं आणि वरच्यातलं 175 पीएसचं होतं. बोनेट उघडून दोन्ही सारखीच दिसतील. सहा माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट चढताना फरक कळेल. हायलक्समध्ये मॅन्युअल गिअरला 420 न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकला 500. म्हणून "इंजिन तेच आहे साहेब" यावर विसंबू नका. ताकदीचे आकडे प्रत्येक रकान्यात वेगळे लिहून घ्या.

द्राक्षबाग लावणाऱ्याला हा हिशेब दोन ओळींत सांगता येतो. डॉगरिजचा खुंट एकदा जमिनीत गेला की तो बदलता येत नाही. वरची जात मात्र पुन्हा डोळा भरून बदलता येते. गाडीचंही तसंच आहे. चारचाकी ओढ, गिअरबॉक्स, डिफरन्शियलचं लॉक, एअरबॅग, घसरण आवरणारी ईएससी यंत्रणा हा खुंट. तो कारखान्यातूनच यावा लागतो, नंतर बसवायचा म्हटलं तर एक तर बसत नाही, बसला तर गाडीच्या किमतीत जातो. पडदा, मागचा कॅमेरा, सीट कव्हर, चढायची पायरी, हौद्याचं झाकण, अलॉय चाकं हे सगळं कलम. ते सांगलीच्या बाजारात कधीही भरता येतं, आणि शोरूमपेक्षा स्वस्तात. खालच्या मॉडेलमध्ये हवा तो खुंट मिळत असेल तर वर चढण्याचं कारण उरत नाही. मिळत नसेल तर नुसत्या खुंटासाठी वर चढावं लागलं तरी चढावं.

खुंटातली सगळ्यात महाग गोष्ट फोर-बाय-फोर. ती लागते का, हे तालुक्याची जमीन सांगते, जाहिरात नाही. ढालगाव, घाटनांद्रेकडचा माळ मुरमाड आहे. तिथल्या पवनचक्क्यांपर्यंत जाणाऱ्या वाटा पावसातही टणक राहतात, कारण मुरूम पाणी धरत नाही. कुकटोळीचा गिरलिंग, भोसे-खरशिंगकडचा दंडोबा, इथपर्यंत साधी दोन चाकांवर ओढणारी गाडी थोडी उंच असली की बिनबोभाट पोचते. अग्रणीच्या काठची काळी माती मात्र वेगळ्या जातीची. ती कोरडी असताना दगडासारखी आणि भिजली की साबणासारखी. ऑक्टोबर छाटणीच्या सुमाराला परतीचा पाऊस झाला, की बागेतल्या वाटेवर टायरच्या खाचा पहिल्या चार फेऱ्यांतच मातीने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे ट्रॅक्टरसुद्धा रुततो. ज्याची बाग अशा रानात आहे आणि रोज आत गाडी न्यावीच लागते, त्याला फोर-बाय-फोरचा उपयोग रोजच्या कामात आहे. मुक्काम हा वरचा फायदा. ज्याची बाग मुरमावर आणि घर डांबरी रस्त्यावर, त्याने ते पैसे टायरवर घालावेत.

आता चारचाकी ओढ म्हणजे नेमकं काय, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी पेटी म्हणजे डिफरन्शियल. तिची खोड अशी, की जे चाक सहज फिरतं त्याला ती वेग देते. एक चाक चिखलात गेलं की ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि टणक जमिनीवरचं दुसरं चाक गप्प बसतं. पुढचीही चाकं जोडली तरी पुढचं एक आणि मागचं एक, अशी तिरकी दोन चाकं एकाच वेळी हवेत किंवा चिखलात गेली, तर फोर-बाय-फोरची गाडीही तिथेच उभी राहते. यावर उपाय दोन. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, म्हणजे ओढ आपोआप दुसऱ्या चाकाकडे जाते; ही ब्रेकची युक्ती स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा पुरते, फक्त लांबलचक चिखलात ब्रेक तापतात. दुसरा उपाय डिफरन्शियललाच कुलूप घालण्याचा. मग दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना असं कुलूप मिळतं. थारच्या बाबतीत कंपनीने 2023 च्या सुमारास अनेक मॉडेलमध्ये यांत्रिक कुलूप काढून ब्रेकची युक्ती ठेवली आणि खरं कुलूप वरच्या डिझेल मॉडेलला ऐच्छिक केलं. तक्त्यात दोन्हीकडे 'लॉकिंग' हाच शब्द होता, म्हणून तो शब्द वाचून थांबू नये. कुलूप यांत्रिक की ब्रेकचं, हा थेट प्रश्न विचारावा.

मारुतीची जिम्नी या बाबतीत सरळ आहे. 2023 मध्ये ती आली तेव्हा झेटा आणि अल्फा अशी दोन मॉडेलं होती. चारचाकी ओढ, लो-रेंज गिअर, ब्रेकची युक्ती, सहा एअरबॅग हे दोन्हीत सारखं. फरक पडद्याच्या आकारात, एलईडी दिव्यांत, आपोआप चालणाऱ्या एसीत आणि पोलादी की अलॉय चाकात. इथे झेटा घेणारा माणूस खरोखर काही गमावत नाही, आणि गावात कुणी विचारलंच तर दोन्ही गाड्यांत नेमका फरक काय, हे विचारणाऱ्यालाच सांगता येणार नाही.

लो-रेंजचं महत्त्व लोकांना चढावर कळतं, खरं ते उतारावर कळायला हवं. सामान भरलेली गाडी कच्च्या, सुट्ट्या दगडांच्या उतारावरून खाली आणताना ब्रेकवर पाय ठेवला की चाकं घसरतात. लो-रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. पण अशा जोडणीच्या गाड्यांत कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावून फिरायचं नसतं. पुढची आणि मागची चाकं एकत्र बांधली जातात, वळणावर आसांवर पीळ बसतो, टायर घासतात आणि आतली साखळी किंवा गिअर दुखावतात. रत्नागिरी-नागपूर महामार्गावर दांडी टू-व्हीललाच असली पाहिजे. थोडक्यात, ज्या गोष्टीसाठी लाखभर रुपये जास्त दिले ती गोष्ट महामार्गावर बंदच ठेवायची असते.

टायरच्या बाबतीत तर वरचं मॉडेल चक्क उलटं काम करतं. 2020 च्या थारच्या खालच्या मॉडेलला 245/75 आर 16 मापाचे टायर पोलादी चाकांवर होते, वरच्या एलएक्सला 255/65 आर 18 मापाचे अलॉयवर. मधला आकडा म्हणजे टायरच्या रुंदीच्या किती टक्के उंच त्याची बाजूची भिंत. हिशेब केला तर खालच्या मॉडेलची भिंत 184 मिलिमीटरच्या आसपास आणि वरच्याची 166. म्हणजे स्वस्त गाडीत रिम आणि दगड यांच्यामध्ये जवळपास दोन सेंटिमीटर जास्त रबर. शेतरस्त्याच्या बांधावर, कालव्याकडेच्या खडीवर हेच दोन सेंटिमीटर रिम वाचवतात. कच्च्या वाटेवर हवा थोडी कमी करून टायर पसरवायचा असतो, तेही उंच भिंतीच्या टायरला सोसतं. पोलादी रिम वाकली तर गावातला पंक्चरवाला हातोड्याने सरळ करून देतो. अलॉय तडकली तर नवीच घ्यावी लागते. अठरा इंची चाकं फोटोत उठून दिसतात, हे मात्र मान्य करायला हवं.

वरच्या मॉडेलमधली आणखी एक गोष्ट मुक्कामाच्या आड येते, ती म्हणजे सनरूफ. छताला भोक पाडल्यावर त्यावर सामान ठेवायला जागा उरत नाही, आणि चैत्र-वैशाखात सांगलीच्या उन्हात ते उघडायचं तरी कुणासाठी? छतावरच्या आडव्या-उभ्या पट्ट्या कित्येकदा नुसत्या शोभेच्या असतात. छतावर उघडणारा तंबू साधारण 50 ते 70 किलोंचा भरतो, तर कंपनीने पुस्तिकेत दिलेली छताची मर्यादा पुष्कळदा तेवढीच किंवा त्याहून कमी असते. काही छोट्या गाड्यांत ती 30 किलोंवर येते. शिवाय ज्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत तिथे छतावरचा तंबू रात्रभर हलतो. जमिनीवर, गाडीच्या आडोशाला ठोकलेला साधा तंबू तिथे जास्त शहाणपणाचा.

वरच्या मॉडेलची बाजू घ्यावी अशा गोष्टीही आहेत. सुरक्षिततेत काटकसर करू नये. प्रवासी मोटारींना पुढच्या दोन एअरबॅग सक्तीच्या आहेत, पण मालवाहू गटातल्या पिकअपला तेच नियम जसेच्या तसे लागू होतात असं समजू नका. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपच्या अपघात-चाचण्या सुरू झाल्या, त्यांच्या कक्षेतही मालवाहू पिकअप येत नाहीत. म्हणून पिकअप घेताना एअरबॅग किती, ईएससी आहे का, मागच्या सीटला तीन टोकांचे पट्टे आहेत का, हे मॉडेलगणिक तपासावं लागतं. ईएससीचं काम पावसाळ्यातल्या घाटात कळतं. मोकळ्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो आणि ओल्या वळणावर तो बाहेर फेकला जातो. ही यंत्रणा एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते. तिच्यासाठी एक पायरी वर चढावं लागलं तर ते पैसे वाया जात नाहीत. रोज मिरज-सांगलीच्या गर्दीत गाडी घालणाऱ्याने ऑटोमॅटिकचाही विचार करावा. गुडघे सगळ्यांचेच पन्नाशीत बोलू लागतात.

रोजच्या वापरातल्या दोन गोष्टी तक्त्यात कुठेच छापलेल्या नसतात. पहिली मागची सीट. पिकअपच्या मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, त्या मालासाठी बनवलेल्या. हौदा मोकळा असला की मागचा माणूस प्रत्येक खड्ड्याला उडतो. शंभर-दीडशे किलो वजन पडलं की तीच गाडी शांत होते. त्यातून दुहेरी केबिनच्या पिकअपमध्ये मागच्या सीटची पाठ ताठ असते. कवठ्याहून मिरज 40 किलोमीटरच्या आसपास आहे. कंबरदुखीसाठी आईला तिकडे न्यायचं आणि वाटेत तीच कंबर आणखी दुखवायची, हा व्यवहार परवडणारा नाही. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एनला मागे गोल स्प्रिंगा आहेत, त्यामुळे हा त्रास कमी; पण थारच्या तीन दारांच्या गाडीत नऊवारीतल्या आजीला मागे बसवून दाखवा, मग बोलू.

दुसरी गोष्ट डिझेलच्या काजळीची. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. ती काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगात चालावी लागते. घर ते बाग दोन किलोमीटर, बाग ते शाळा दीड किलोमीटर, असाच वापर असेल तर जाळी तुंबते, दिवा पेटतो आणि गाडी ताकद कमी करते. आठवड्यातून एकदा मिरजेची फेरी होत असेल तर चिंता नाही. होत नसेल तर एवढ्यासाठीच मुक्कामाचं निमित्त काढायला हरकत नाही.

कराचा हिशेबही मॉडेलशी बांधलेला आहे. महाराष्ट्रात खासगी डिझेल मोटारीला 10 लाखांपर्यंत 13 टक्के, 10 ते 20 लाखांना 14 टक्के आणि त्यावर 15 टक्के एकरकमी कर पडतो. 19.90 लाखांच्या गाडीला 2,78,600 रुपये होतात. एक पायरी वर चढून 21 लाखांची घेतली की 3,15,000. विक्रेत्याने "फक्त एक लाख दहा हजारांचा फरक" सांगितला, त्यात हे 36,400 रुपये धरलेले नसतात, आणि त्यावर विमाही वाढतो. व्याज तर पाच वर्षं चालूच राहतं.

कलम बाजारात भरता येतं असं वर म्हटलं, त्यालाही कुंपण आहे. पुढचे लोखंडी गार्ड केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये बेकायदा ठरवले. धडक बसली की त्यांच्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकतो आणि पायी चालणारा माणूस चिरडला जातो. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही, असा निकाल दिला. मोठमोठी चाकं आणि उंचावलेली गाडी रस्त्यावर रुबाबदार दिसते, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो त्याच गोष्टींचा काढतो. सीट कव्हर, कॅमेरा, हौद्याची ताडपत्री, चांगल्या प्रतीचे त्याच मापाचे टायर, हवा भरायचा छोटा पंप, ओढायचा पट्टा, एवढ्यावर भागतं.

हौद्यात काय भरायचं यावर एक सूचना, कारण हा धोका शहरातल्या हौशी लोकांना नसतो आणि आपल्याला असतो. ज्या हौद्यातून आठवडाभर बागेची औषधं, मोरचूद, टॉनिकचे डबे गेले, त्यातच शनिवारी तांदूळ आणि मुलांचं अंथरूण टाकू नका. सांडलेलं औषध धुऊनही सांध्यांत राहतं. शिध्यासाठी झाकणाची वेगळी पेटी ठेवा आणि ती केबिनमध्ये न्या. 20 लिटरचा पाण्याचा एक कॅन म्हणजे 20 किलो, तो आसाच्या पुढे, खाली ठेवा. 5 किलोचा छोटा सिलिंडर उभा बांधा, केबिनमध्ये नको.

आणि मुक्कामाची जागा. चांदोली 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे; तिथे परवानगीशिवाय तंबू ठोकणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो. दंडोबाला मुक्काम करायचा तर आधी वन खात्याला विचारायचं. कोकणातल्या किनाऱ्यांवर गाडी वाळूत उतरवायला मनाई असते, आणि भरती फोर-बाय-फोर वगैरे बघत नाही. आपण ज्या ज्या ठिकाणी कायद्याने मुक्काम करू शकतो, त्यातल्या बहुतेक ठिकाणी डांबरी किंवा टणक कच्चा रस्ता जातो. कुणाच्या तरी ओळखीच्या रानात, आंब्याखाली, मालकाला विचारून केलेला मुक्काम सगळ्यात निर्धास्त.

तेव्हा या तालुक्यापुरतं माझं मत असं. घर डांबरावर, बाग मुरमावर आणि माणसं चार असतील तर दोन चाकांवर ओढणारं, एअरबॅग आणि ईएससी असलेलं सगळ्यात खालचं मॉडेल घ्या. बाग काळ्या रानात असेल तर लो-रेंजसह फोर-बाय-फोर मिळणारं सगळ्यात स्वस्त मॉडेल घ्या, त्यावर एक पायरीही चढू नका. माल रोजचा असेल तर पिवळ्या पाटीची कॅम्पर घ्या आणि वाचलेल्या पैशात मुक्कामासाठी वर्षातून दोनदा दुसरी गाडी भाड्याने आणा. टॉप मॉडेल फक्त अशाने घ्यावं, ज्याला रोज दोन-तीन तास गाडीत बसावं लागतं. तिथे चांगली सीट आणि थंड हवा ही चैन राहत नाही.

बुकिंगच्या आधी लांबची चाचणी मागा. पाच माणसं बसवा, हौद्यात दोन पोती टाका, महामार्गावर न्या आणि मग कच्च्या वाटेवर उतरवा. दसरा-दिवाळीत एवढा वेळ कुणी देत नाही. पितृपक्षात शोरूम ओस असतात, विक्रेत्याला बोलायला सवड असते आणि काळं रान बहुतेक वर्षी ओलंच असतं. चाचणी तेव्हा घ्या, गाडी दसऱ्याला आणा.